मॅक्सचा राग आणि गरम जेवण

लहान मुलाला राग, मत्सर, भीती यांचा अनुभव पुरेपूर येत असला, तरी त्यांना नाव देण्याइतकी भाषा आणि त्यांच्याकडे क्षणभर अलिप्तपणे पाहण्याची ताकद त्याच्यापाशी नसते. ही ताकद, दुसऱ्याच्या मनाचा अंदाज घेण्याची सवय आणि भांडणानंतर नाते पुन्हा जुळवण्याची रीत मुलांमध्ये जाणीवपूर्वक रुजवण्याला शिक्षणशास्त्रात ‘सामाजिक-भावनिक शिक्षण’ म्हणतात. चित्रपुस्तक, म्हणजे ज्यातील चित्र मजकुराची सजावट न करता निम्मी गोष्ट स्वतः सांगते असे पुस्तक, हे त्याचे जुने आणि स्वस्त साधन होय. मात्र शहाण्यासारखे वागण्याचा उपदेश करणारे प्रत्येक पुस्तक या कामाचे असतेच असे नाही.

अमेरिकी चित्रकार-लेखक मॉरिस सेंडाक यांच्या १९६३ मधील ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या पुस्तकात उपदेश जवळजवळ नाहीच. लांडग्याचा पोशाख घालून घरभर धुडगूस घालणारा मॅक्स आईला उलट बोलतो, उपाशीच खोलीत पाठवला जातो आणि तेथेच उगवलेल्या जंगलातून अक्राळविक्राळ प्राण्यांच्या मुलखात जाऊन त्यांचा राजा होतो. आरंभीच्या पानांवर चित्र लहान असून त्याभोवती रुंद पांढरी जागा आहे. जंगल वाढते तसे चित्र पानागणिक मोठे होते, शेजारच्या पानावर सरकते आणि ऐन धिंगाण्याच्या वेळी सलग तीन जोडपानांवर एकही शब्द उरत नाही. राग अनावर झाला की शब्द संपतात, हे अक्षरओळख नसलेल्या मुलालाही येथे नुसती पाने उलटून कळते. पुढे प्राण्यांना आवरणारा मॅक्सच असतो आणि एकटेपणा जाणवून घरी परततोही तोच. खोलीत जेवण वाट पाहत असते आणि ते अजून गरम असल्याचे सांगणाऱ्या शेवटच्या पानावर चित्र नाही.

मानसोपचाराच्या क्षेत्रात नाव असलेल्या ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६९ मध्ये या पुस्तकावर टीका केली. आईने मुलाला उपाशी ठेवणे त्यांना विशेष घातक वाटले. मुलांनी मात्र पुस्तक सोडले नाही, आणि या वादात मुलांचाच निवाडा ग्राह्य मानणे योग्य ठरेल.

सेंडाक यांच्याकडे रागाचा चढ-उतार चित्राचा आकार दाखवतो; चित्रकार-लेखिका मॉली बँग यांच्या १९९९ मधील सोफीच्या गोष्टीत हेच काम रंग करतात: खेळणे बहिणीकडे गेल्यावर पाने लालभडक होतात, सोफी बाहेर धावते, रडते, झाडावर चढून समुद्राकडे पाहत बसते, तेव्हा रंग निवतात. तिची समजूत कोणी काढत नाही, हे महत्त्वाचे.

मराठीत माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांतील घरे, आईबाबा आणि मुलांचे रुसवे-फुगवे वाचकाला आपलेच वाटतात. मुलाला स्वतःचे जग पुस्तकात दिसणे किती आवश्यक आहे, हे सांगण्यासाठी अमेरिकी अभ्यासक रूडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये पुस्तकाला आरसा आणि खिडकी म्हटले होते.

पुस्तक एकदा वाचून भागत नाही. तेच ते पुन्हा मागणाऱ्या मुलाला ते पुन्हा वाचून दाखवावे, चित्रापाशी थांबून ‘याला आता काय वाटत असेल?’ एवढेच विचारावे आणि उत्तराची घाई करू नये. विकत घेताना आधी शेवटचे पान उघडून पाहावे. तेथे ठळक अक्षरांत तात्पर्य छापलेले असेल, तर ते पुस्तक दुकानातच राहू द्यावे.