साधी घसादुखीही अंगावर काढू नका

भूक दुप्पट, तरी वजन उतरत होते. हात थरथरत, छाती धडधडे. रक्ततपासणीत टीएसएच अगदी खाली, टी-फोर वर. निदान झाले ग्रेव्हज आजाराचे. डब्लिनच्या डॉ. रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये त्याचे वर्णन केले होते. यात शरीराचीच प्रतिपिंडे थायरॉईडला सतत चेतवत राहतात.

कार्बिमाझोलच्या गोळ्या साधारण १२ ते १८ महिने घ्याव्या लागतात. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने सोडू नका. अपवाद एकच. ताप आला किंवा घसा दुखला, तर काढ्यावर भागवू नका. क्वचित या औषधाने पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात. गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, रक्त तपासून घ्या. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर हे लिहिलेले आहे; घरात सर्वांना ते पाठ आहे.