गौरीच्या नैवेद्याआधी नखांचा रंग उतरवताना

भाद्रपदाची चाहूल लागली की घरोघरी पितळी समया चिंचेने उजळू लागतात, मोदकांच्या पिठीसाठी आंबेमोहोर निवडला जातो आणि माहेरवाशिणींच्या येण्याचे दिवस मोजले जातात. या लगबगीत अलीकडे आणखी एका कामाची भर पडली आहे. लेकीसुना पार्लरमध्ये जाऊन नखांना जेलचा रंग लावून घेतात. साध्या नेलपॉलिशचे भांडी घासता घासता चार दिवसांत टवके उडतात. हा रंग मात्र दोन आठवडे झळकत राहतो. सणाला नटण्याची हौस आपल्याकडे जुनीच आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही.

अडचण येते ती ज्येष्ठागौरींच्या वेळी. जेथे सोवळे कडक, अशा काही घरांत रंगवलेल्या नखांनी पुरण वाटलेले वा उकड मळलेली चालत नाही. आवाहनाच्या संध्याकाळी सासूबाईंनी तसे बोलून दाखवले की सूनबाई कोपऱ्यात बसून सुरीच्या टोकाने रंग खरवडू लागते, आणि अनर्थ तेथेच होतो. हा रंग नुसता वाळलेला नसतो. अतिनील किरणांच्या दिव्याखाली घट्ट होऊन तो नखाला धरून बसलेला असतो. ओढून काढला की नखाचे वरचे पापुद्रेही त्याबरोबर सुटतात. बोटाचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. झालेली हानी भरून निघण्यास सहा महिने लागतात.

उतरवण्याची रीत सोपी, पण सबुरीची आहे. वरचा चकचकीत थर कानशीने हलकेच घासावा. नखाभोवतीच्या त्वचेला पेट्रोलियम जेली लावावी. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा नखावर ठेवून वरून ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळावा आणि १० ते १५ मिनिटे स्वस्थ बसावे. मऊ झालेला रंग लाकडी काडीने अलगद सरकतो. न सरकल्यास बोळा पुन्हा ठेवावा. जोर करू नये. शेवटी हात धुऊन खोबरेल तेल चोळावे.

ॲसिटोन क्षणात पेट घेते, हे मात्र कदापि विसरू नये. त्याची वाफ हवेच्या दुप्पट जड असल्याने जमिनीलगत पसरते, आणि सणाच्या दिवसांत आपली समई जमिनीवरच तेवत असते. म्हणून देवघर, निरांजने व शेगडी यांपासून दूर, उघड्या खिडकीशी हे काम करावे. बाटली लगेच बंद करून मुलांच्या हाताबाहेर ठेवावी.

रंग लावतानाही कच्चा जेल त्वचेला लागू देऊ नये. त्यातील द्रव्यांची ॲलर्जी एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते आणि त्याच कुळातील द्रव्ये दातांत भरावयाच्या मसाल्यातही असतात. घरी स्वस्त संच आणून प्रयोग करणाऱ्यांना हा धोका अधिक. दिव्याखाली हात धरण्यापूर्वी सनस्क्रीन लावावे, किंवा बोटांची टोके कापलेले हातमोजे घालावेत. जेल घट्ट करणारे टीपीओ हे एक रसायन युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत वर्ज्य केले आहे. पार्लरमध्ये त्याची चौकशी करण्यात संकोच कसला?

आणि सासूबाईंनी घरचा नियम आवाहनाच्या संध्याकाळी न सांगता, सुनेला सणाचे बोलावणे धाडतानाच सांगावा.