फोन डॉकवर, पण आवाज कुठून?

वायरलेस स्पीकर डॉकबद्दल एक घोळ नेहमी होतो, आज तेवढाच सोडवूया. डॉकवर फोन ठेवला की चार्जिंग सुरू होतं, म्हणून आवाजही तिथूनच जातो असं वाटतं. तसं नाहीये. दोघांच्या वाटा वेगळ्या.

चार्जिंग होतं चुंबकीय क्षेत्रातून. डॉकमध्ये एक कॉइल, फोनच्या पाठीत दुसरी. जाड कव्हर असेल, किंवा गाडीतल्या होल्डरसाठी मागे लोखंडी पत्री चिकटवली असेल, तर चार्जिंग अडतं. एपिसोड मात्र चालूच राहतो, कारण आवाज जातो ब्लूटूथने. म्हणजे आधी सेटिंगमध्ये जाऊन पेअर करावंच लागतं. नुसता फोन ठेवून आवाज येणार नाही. आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचा फोन आधीच जोडलेला असेल, तर तुमचा बसेल ताटकळत.

ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झवर. तिथल्या ७९ चॅनेलमध्ये ते सेकंदाला १६०० उड्या मारतं. वायफायचीही त्याच पट्ट्यात गर्दी असते, म्हणून राउटर डॉकला खेटून नको. फोन खिशात घालून पाठ फिरवली तरी आवाज तुटू शकतो. शरीरातलं पाणी या लहरी शोषतं.

खुटबावसारख्या गावात लाइटचं काय, तुम्हाला माहितीये. बऱ्याच डॉकना स्वतःची बॅटरी नसते, घेताना हे आधी विचारा.

आणि हो, डॉकला माइक असेल तर आलेला कॉलही त्यावरच वाजू शकतो, अख्ख्या ओसरीला ऐकू जाईल असा. सेटिंगमध्ये त्या डॉकपुढचा ‘कॉल’ पर्याय बंद करून टाका.