शरीरातले निरोप, भाग 6 : डंख पायाला, घाला हृदयावर

मागच्या आठवड्यात आपण मेंदूतून थेट निघणाऱ्या चेता पाहिल्या. आज पाठीच्या कण्यात उतरू. त्यासाठी राहुरीच्या शिवारात कुणालाही नवा नसलेला प्रसंग घेऊ : उसाचं पाचट गोळा करताना अनवाणी पायाला विंचू डसतो.

पाय आधी मागे येतो, कळ नंतर जाणवते. मज्जारज्जूतून मेरुचेतांच्या 31 जोड्या निघतात. प्रत्येकीच्या मागच्या मुळातून संवेदना आत शिरते, पुढच्या मुळातून स्नायूंना हुकूम जातो. पाय ओढून घ्यायचा हुकूम मज्जारज्जू स्वतःच देऊन टाकतो, मेंदूची वाट पाहत नाही. वेदना वर जाते तीही दोन वेगांनी. आवरण असलेले बारीक तंतू ती सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगाने नेतात, तीच पहिली तीक्ष्ण कळ. आवरण नसलेले तंतू सेकंदाला जेमतेम 1-2 मीटर चालतात, मागाहून येणारी आग त्यांची.

इथवर सगळं पायापुरतं आहे. विंचू लाल असेल तर खरा घात पुढे होतो. त्याचं विष चेतातंतूंवरची सोडियमची दारं मिटूच देत नाही, त्यामुळे आपल्या इच्छेबाहेर चालणारी स्वायत्त चेतासंस्था खवळते. परानुकंपी चेतांमुळे उलट्या होतात, लाळ सुटते. सोबत दरदरून घाम फुटतो. मग छातीच्या व कमरेच्या वरच्या भागातल्या मज्जारज्जूतून निघणाऱ्या अनुकंपी चेतांची पाळी येते. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं.

हे बारकाईने टिपलं ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी. 1976 पासून बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवत होते. 1982 मध्ये त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं आणि मृत्यू झपाट्याने घटले. पुढे 2011 मध्ये त्यांनीच दाखवलं की प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलं तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या दवाखान्यात, डोळे उघडे ठेवून केलेलं इतकं मोलाचं संशोधन आपल्याकडे फार थोडं आहे.

त्यांच्या नोंदींतली एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत हवी. नुसती असह्य कळ असेल तर बहुधा जिवाला धोका नसतो. कळ फारशी नाही, पण घाम, उलट्या आणि गार हातपाय आहेत, तो रुग्ण गंभीर समजावा. ‘दुखत नाही ना, मग उतरला विंचू’ म्हणत त्याला मांत्रिकापुढे बसवू नका. लहान मूल असेल तर लक्षणं दिसायची वाटसुद्धा पाहू नका. गाडी काढा, सरकारी दवाखाना गाठा आणि विंचू किती वाजता डसला ते डॉक्टरांना सांगा.