उठून गेलेली स्टेशने



मुंबईला गेलेला माणूस एकदा तरी चर्चगेट स्टेशनावर उतरतोच. पश्चिम रेल्वेची लोकल तिथे येऊन थांबते, डबे भराभर रिकामे होतात आणि फलाटाच्या टोकाशी रूळ संपतात. पाहणाऱ्याला वाटते, रेल्वे बांधणाऱ्यांनी इथवरच बांधायचे ठरवले असेल. पण तसे नाही. मुंबईचा नकाशा घेऊन बसा. चर्चगेटच्या खाली, दक्षिणेला, जमिनीची एक चिंचोळी जीभ समुद्रात गेलेली दिसेल. ते कुलाबा. १९३० साल संपेपर्यंत आगगाडी चर्चगेटवरून पुढे कुलाब्यापर्यंत जात होती. तिथे एक मोठे स्टेशन होते. आज त्या स्टेशनाची वीटही दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मुंबईचे एक स्टेशन शंभर वर्षांपूर्वी उठले, त्याचे आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी शेवटी देईन. आधी ही स्टेशने का आली आणि का गेली, ते पाहू.

कुलाबा हे मुळात एक वेगळे बेट. १८३८ साली बांध घालून ते मुंबईला जोडले गेले. पुढे १८४४ पासून कापसाचा बाजार तिथे भरू लागला. कापसाच्या गासड्या, दलाल, हमाल, गाड्या यांनी ती मोकळी जागा गजबजून गेली. याच सुमारास गुजरातेतला कापूस मुंबईच्या बंदरात आणावा म्हणून एक रेल्वे कंपनी निघाली. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे असे तिचे लांबलचक नाव. लोक तिला नुसते बी. बी. सी. आय. म्हणत. १८६७ साली तिची पहिली लोकल विरारहून मुंबईच्या बॅकबे किनाऱ्यापर्यंत धावली. १८७० मध्ये चर्चगेट स्टेशन झाले आणि थोड्याच वर्षांत रूळ कुलाब्याला जाऊन भिडले. तात्पर्य काय, तर स्टेशन आधी माणसांसाठी आले नाही. ते मालासाठी आले आणि माणसे मागून आली.

माणसे मात्र पुष्कळ आली. १८९६ साली कुलाब्याला मोठे टर्मिनस उभे राहिले. टर्मिनस म्हणजे जिथे गाडीचा प्रवास संपतो आणि जिथून नवा सुरू होतो, असे शेवटचे स्टेशन. लोकल गाड्या तिथून सुटत आणि लांब पल्ल्याच्या गाड्याही तिथूनच सुटत. १९२८ सालच्या सप्टेंबरात पेशावरला जाणारी प्रसिद्ध फ्रंटियर मेल सुरू झाली, तीही कुलाब्याहून. त्याच वर्षी ५ जानेवारीला कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली होती. धूर नाही, कोळसा नाही, तारेला हात लावून धावणारी गाडी! त्या वेळच्या लोकांना किती अप्रूप वाटले असेल, याची कल्पना करा.

आणि तीन वर्षेही पुरी होण्याआधी ते स्टेशन बंद झाले.

असे का व्हावे? नवी वीज आणलेले, गर्दीने भरलेले स्टेशन कोणी बंद करते का? यामागे एकच कारण नव्हते. पहिले कारण म्हणजे ज्या कापसासाठी स्टेशन आले तो कापूसच तिथून हलला. १९२० नंतरच्या दशकात कापसाचा बाजार आणि गोदामे शिवडीकडे नेण्यात आली. हार्बर मार्गावर आज जे कॉटन ग्रीन नावाचे स्टेशन आहे, ते या बाजाराचे नाव सांगते.

दुसरे कारण जमिनीचे. मुंबईत जमीन म्हणजे सोने. १९२० नंतर सरकारने बॅकबेच्या समुद्रात भराव घालून नवी जमीन काढण्याची मोठी योजना हाती घेतली. या योजनेत पैशाची भयंकर उधळपट्टी झाली, आणि ती खुर्शेद फ्रामजी नरीमन यांनी निर्भयपणे चव्हाट्यावर आणली. आजचा नरीमन पॉइंट त्यांच्याच नावाचा. योजना ठरली होती तेवढी पुरी झालीच नाही, पण समुद्राकाठाने जाणारे रेल्वेचे रूळ तिच्या आड येत होते. किनाऱ्याची ती पट्टी सरकारला मोकळी हवी होती.

तिसरे कारण, रेल्वेला स्वतःलाच मोठी जागा हवी होती. लांबच्या गाड्यांना फलाट लांब लागतात, डबे धुवायला, जोडायला मैदान लागते. कुलाब्याच्या चिंचोळ्या पट्टीत ते कुठून मिळणार? म्हणून शहरात आत, उत्तरेला, मुंबई सेंट्रल हे नवे स्टेशन बांधले गेले. १८ डिसेंबर १९३० रोजी त्याचे उद्घाटन झाले. लांबच्या गाड्या तिथे गेल्या, लोकल चर्चगेटला थांबू लागल्या आणि ३१ डिसेंबरला कुलाब्याचे दिवे मालवले.

आता कुलाब्याच्या रहिवाशाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. त्याला कोणी वाऱ्यावर सोडले असे म्हणता येणार नाही. कुलाब्यात १८७४ पासून ट्राम होती, आणि मुंबईतली पहिली मोटारबस १९२६ साली धावली तीही कुलाब्यातल्या अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत. सरकारी माणूस म्हणणार, ट्राम आहे, बस आहे, चर्चगेट जेमतेम दोन किलोमीटरवर आहे, मग तक्रार कसली? कागदावर हे बरोबरच आहे. पण ज्याला रोज बोरिवलीहून कुलाब्याला कामावर जायचे, त्याचा एका गाडीचा प्रवास आता दोन गाड्यांचा झाला. दोन भाडी, दोन रांगा आणि वर जास्तीचा अर्धा तास. हा हिशेब कुठल्या वहीत मांडला जातो? बहुधा कुठल्याच नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्टेशनाच्या जागेवर पुढे रेल्वेच्याच अधिकाऱ्यांची वसाहत झाली. बधवार पार्क तिचे नाव. आज तिथून जाणाऱ्याला, इथून एके काळी पेशावरची गाडी सुटत असे, हे सांगूनही पटायचे नाही.

दुसरी हकीकत याहून विलक्षण आहे. मुंबईचे रूळ उत्तर-दक्षिण धावतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. पश्चिम रेल्वे एका अंगाने आणि मध्य रेल्वे दुसऱ्या अंगाने. पण पूर्वेचा माणूस पश्चिमेला कसा जाणार? १९२८ साली यासाठी एक मार्ग खुला झाला. अंधेरीपासून तुर्भ्यापर्यंत, म्हणजे इंग्रजीत ज्याला ट्रॉम्बे म्हणतात तिथपर्यंत, सुमारे १३ किलोमीटरचा हा मार्ग होता. नाव साष्टी-तुर्भे रेल्वे. मधला मुलूख तेव्हा शेतांचा, मिठागरांचा आणि लहान लहान गावांचा. वस्ती विरळ, म्हणजे तिकिटे विकली जाणार तरी किती? सहा वर्षांत, १९३४ साली, तो मार्ग बंद झाला आणि रूळ उखडले गेले. त्या मुलखाचा मोठा भाग पुढे सांताक्रूझच्या विमानतळाखाली गेला.

मग काय झाले? वस्ती वाढली. शेते गेली, कारखाने आले, चाळी आल्या, झोपड्या आल्या, कचेऱ्या आल्या. पूर्वेहून पश्चिमेला जाणारे हजार होते ते लाखांवर गेले, आणि ते सारे बसमध्ये, रिक्षात, रस्त्यावर अडकून पडू लागले. शेवटी ८ जून २०१४ रोजी वर्सोवा, अंधेरी, घाटकोपर अशी मेट्रो सुरू झाली. अंतर ११ किलोमीटरांहून थोडे जास्त, स्टेशने १२. वाट अगदी तीच नव्हे, पण काम तेच. १९३४ ते २०१४, म्हणजे बरोबर ८० वर्षे! आजोबांची गाडी बंद झाली, ती नातवाच्या वेळी डोक्यावरून, खांबांवरून परत आली.

कुलाब्याचेही तसेच. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पुरी खुली झाली. ३३ किलोमीटरांहून लांब, २७ स्टेशनांची. कफ परेड कुलाब्याला लागूनच आहे. गाडी तिथवर पुन्हा जायला ९५ वर्षे लागली, आणि ती जमिनीखालून न्यावी लागली, कारण वर आता जागाच उरलेली नाही. जी वाट एके काळी तयार होती, ती पुन्हा मिळवायला केवढा खर्च आला असेल!

हे मुंबईतच घडले असेही नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्न म्हणून मोठे शहर आहे. त्या देशातली पहिली वाफेची आगगाडी १८५४ साली तिथेच, शहरापासून बंदरापर्यंत धावली. १९८७ साली त्या मार्गावरची गाडी बंद करून तिथे ट्राम आणली गेली. पण त्यांनी एक शहाणपण केले. वाट मोडली नाही. त्याच वाटेने आज ट्राम जाते. त्याच शहरात प्रिन्सेस ब्रिज नावाचे स्टेशन होते. ते १९८० साली शेजारच्या मोठ्या स्टेशनात मिसळून गेले आणि २००२ पासून तिथे लोकांना बसाउठायला फेडरेशन स्क्वेअर नावाचा विस्तीर्ण चौक आहे. स्टेशन जाणे हे काही सगळीकडे पाप नव्हे. काळ बदलतो, वाहने बदलतात. प्रश्न एवढाच की, स्टेशन जाताना वाट राखली की विकली, आणि लोकांची गरज कोणी मोजली का?

आता आपल्या मुलखाकडे वळू. आपल्या छत्रपती संभाजीनगरचे स्टेशन निजामी अमदानीतले, १९०० च्या सुमाराचे. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी ती छोटी लाईन १९९० नंतरच्या वर्षांत मोठी झाली. तिकडे कुर्डुवाडीहून लातूरला जाणारी बार्शी लाईट. १८९७ साली ती बार्शीपर्यंत सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून डुलत जाणारी ती गाडी जुन्या लोकांच्या अजून डोळ्यांपुढे असेल. २००८ पर्यंत तिथेही मोठी लाईन झाली. धाराशिव शहर जुन्या लाईनवर नव्हते, ते नव्या लाईनवर आले, ही चांगली गोष्ट. पण लातूरचे जुने, भर वस्तीतले स्टेशन मात्र गेले आणि नवे बाहेर झाले. लाईन मोठी झाली म्हणजे कोणाचे स्टेशन जवळ येते, कोणाचे दूर जाते. फायदा सर्वांचा सारखा होत नाही.

आणि लहान स्टेशनांचे काय? पुष्कळ ठिकाणी स्टेशनमास्तर नसतो, नुसता हॉल्ट असतो आणि गावातलाच कोणी एजंट कमिशनवर तिकिटे विकतो. २०२० च्या टाळेबंदीत गाड्या थांबल्या, त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा देशातल्या अनेक लहान स्टेशनांचे थांबे परत आले नाहीत. गावकरी निवेदने देतात. कचेरीतला माणूस वही उघडतो आणि विचारतो, तुमच्याकडे तिकिटे किती विकली जातात?

माझ्या वर्गात अशाच एका हॉल्टच्या गावचा मुलगा होता. मी विचारले, "रोज गाडीने येतोस, पास आहे का?" तो हसून म्हणाला, "सर, आमच्याकडं कोण बघतंय? कुणीच काढत नाही." मी त्याला म्हणालो, "बाबा रे, मग वहीत तुझं गाव रिकामं आहे. उद्या थांबा काढला तर कोणत्या तोंडाने भांडशील?" तो गप्प झाला. पुढच्या महिन्यात त्याने पास आणून दाखवला.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. स्टेशन आधी वहीत मरते, मग जमिनीवर. साष्टी-तुर्भ्याच्या वहीत उद्याची वस्ती कोणी लिहिली नव्हती. कुलाब्याच्या वहीत तो जास्तीचा अर्धा तास कोणी लिहिला नव्हता. आपल्या हॉल्टच्या वहीत निदान आजचे उतारू तरी लिहिले जावेत, आणि ते लिहायला दहा-वीस रुपयांचे तिकीट पुरते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. तुमच्या शाळेजवळ चालू वा बंद पडलेले स्टेशन असेल तर मुलांना एकदा तिथे घेऊन जा. चालू असेल तर दूर सुरक्षित जागी बसून, कोणत्या गाडीला किती माणसे चढली, किती उतरली, ती कुठे आणि कशासाठी निघाली, हे आठवडाभर लिहू द्या. बाजाराला जाणारी बाई, दवाखान्याला निघालेला म्हातारा, कॉलेजची पोरे, सगळे त्यात येऊ द्या. बंद असेल तर जुना फलाट, विहीर, क्वार्टरांच्या भिंती कुठे आहेत त्याचा नकाशा काढू द्या आणि गाडी कधी येत होती ते घरच्या वडीलधाऱ्यांना विचारू द्या. गणित, भूगोल आणि इतिहास एकाच वहीत येतील. आणि कधी थांब्यासाठी निवेदन द्यायची पाळी आली, तर गावाकडे दाखवायला स्वतःची एक वही असेल.