पत्ता कुणी दिला?

मराठी वाङ्मय मंडळाच्या अंकात कॉम्प्युटरच्या वायरींवर लेख कशाला, असं कुणीही विचारेल. पण ही भानगड नावं आणि पत्ते यांचीच आहे, म्हणून लिहितोय. शिवाय यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती सांगून टाकलेली बरी.

माझं गाव कणकुंबी. पावसाळ्यात आमच्याकडे पाऊस मुक्कामच ठोकतो. वीज केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा नेम नसतो. मागच्या जुलैत अशाच एका रात्रीनंतर सकाळी गावाजवळच्या एका कार्यालयातून फोन आला.

"अरे, पाचातल्या दोन कॉम्प्युटरवर नेट चालेना झालंय. बाकीचे तीन बरे हायत. जरा येऊन जा की."

मी मराठीचा विद्यार्थी. पण सुट्टीत बेळगावात एका केबलवाल्याबरोबर वायरी ओढल्या होत्या, एवढ्यावर गावात मी 'कॉम्प्युटरवाला' झालोय. गेलो. पडवीत ओल्या छत्र्या टेकवून पाच-सहा पोरं बसली होती. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे होते आणि मुदत संपत आली होती.

दोघांपैकी एका कॉम्प्युटरवर बसलो. काळी खिडकी उघडली आणि 'पिंग' करून ८.८.८.८ हा आकडा घातला. लगेच उत्तर आलं. म्हणजे वायर ठीक, बाहेरची लाइनही ठीक. मग आकड्याऐवजी एका वेबसाइटचं नाव घातलं, तर ते सापडेना. आकडा चालतो आणि नाव चालत नाही, म्हणजे दुखणं डीएनएसचं.

डीएनएस म्हणजे इंटरनेटवर नावांवरून पत्ते सांगणारी सोय. कॉम्प्युटरला खरं तर आकड्यांचेच पत्ते कळतात. नावं आपल्यासाठी असतात. सुरुवातीच्या काळात जगातल्या सगळ्या जोडलेल्या कॉम्प्युटरांची नावं कॅलिफोर्नियातल्या एका संस्थेत एकाच फाइलमध्ये ठेवली जात आणि बाकीचे ती उतरवून घेत. यादी वाढत गेली, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी आजची व्यवस्था मांडली. यात एकाच ठिकाणी सगळी यादी नसते. नाव सांगणारे सर्व्हर जगभर विखुरलेले असतात आणि ते एकमेकांना विचारून उत्तर देतात. २०१४ पासून तर 'डॉट भारत' हे शेपूट लावून देवनागरीतही नाव घेता येतं. पण कॉम्प्युटरला एक गोष्ट आधी ठाऊक असावी लागते, ती म्हणजे नाव विचारायचं कुणाला. तोच पत्ता त्या दोघांकडे चुकीचा होता.

मी काय केलं? दोन्ही कॉम्प्युटरवर डीएनएसच्या रकान्यात हाताने ८.८.८.८ लिहिलं. हा गुगलचा सगळ्यांसाठी खुला असलेला सर्व्हर. नेट सुरू झालं. साहेबांनी चहा पाजला, पोरं खूश झाली आणि मी शहाण्यासारखा घरी आलो. चुकीचा पत्ता मुळात आला कुठून, हे मी विचारलंच नाही.

तिसऱ्या दिवशी परत फोन. आता उरलेले तिन्ही बंद. त्या दिवशी मी बेळगावात होतो. दोन पोरांना अर्ज भरायला एसटीने बेळगावला जावं लागलं. भाडंही गेलं आणि दिवसही गेला. दुसऱ्या दिवशी मी पोचलो, तेव्हा साहेब म्हणाले, "व्हायरसच असणार. पाचही फॉर्मेट मारूया." त्यात कित्येक वर्षांची कागदपत्रं होती. मी म्हटलं, "सर, अर्धा तास द्या."

आता समजून घेऊ, की कॉम्प्युटरला हे सेटिंग मिळतं कसं. आपण ते सहसा हाताने भरत नाही. कॉम्प्युटर सुरू झाला की तो सगळ्या जाळ्यात हाक मारतो, "मला पत्ता कोण देतंय?" राउटर उत्तर देतो: हा तुझा आकडा, बाहेर जायचं दार हे, नावं विचारायची ती इथं, आणि हे सगळं इतक्या वेळापुरतं. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. मुदत निम्मी सरली, की कॉम्प्युटर ती वाढवून मागतो.

गोम अशी, की हाकेला उत्तर देणारा खरा कोण आणि आगंतुक कोण, हे कॉम्प्युटर तपासत नाही. नवखा माणूस स्टँडवर उतरून रस्ता विचारतो आणि जो आधी बोलेल त्याच्यामागे जातो, तसंच. आमच्या माऊलीच्या देवळाजवळ उगम पावलेली मलप्रभा पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते. पलीकडच्या उतारावरचं पाणी म्हादईतून गोव्याच्या समुद्रात जातं. थेंब कुठल्या अंगाला पडला, यावर त्याची पुढची सगळी वाट ठरते. कॉम्प्युटरचंही पहिल्या उत्तरावर ठरतं.

यावरून पाचातले आधी दोनच का बिघडले, तेही कळलं. वीज गेल्यावर ते दोन बंद पडून पुन्हा सुरू झाले होते, म्हणून त्यांनी नव्याने हाक मारली. बाकीचे यूपीएसवर तगले होते. त्यांची पाळी नंतर आली.

मग मी 'आयपीकॉन्फिग ऑल' ही आज्ञा देऊन 'डीएचसीपी सर्व्हर' ही ओळ पाहिली. कार्यालयाचा राउटर १९२.१६८.१.१, पण इथे होतं १९२.१६८.१.२. म्हणजे घरात दुसरा कुणीतरी पत्ते वाटत होता! 'एआरपी' आज्ञेने त्याचा यंत्रक्रमांक काढला. या क्रमांकाच्या पहिल्या अर्ध्या भागावरून डबा कुठल्या कंपनीचा ते समजतं. शोधत शोधत मागच्या खोलीत गेलो, तर कपाटावर त्याच कंपनीचा जुना राउटर लुकलुकत होता.

तो तिथल्या एका तरुण कारकुनाने घरून आणला होता. मागच्या खोलीत वायफाय येत नव्हतं, सगळ्यांची सोय व्हावी म्हणून. घरी त्याने तो मुख्य राउटरला जोडूनच वापरलेला, त्यामुळे बाहेरचं दार त्यात बरोबर भरलेलं होतं. डीएनएस मात्र त्याच्या जुन्या इंटरनेट कंपनीचा होता. अशा कंपन्यांचे सर्व्हर बहुधा आपल्या ग्राहकांनाच उत्तर देतात, परक्याला नाही.

खात्री करायला त्या डब्याची वायर काढली. एका कॉम्प्युटरवर 'रिलीज' आणि 'रिन्यू' केलं. बरोबर पत्ता आला, नेट सुरू. मग त्या राउटरमधलं डीएचसीपी बंद करून वायर परत लावली. वायफायही राहिलं आणि पत्ते वाटणारा एकच उरला. शेवटी मी हाताने लिहिलेले आकडे पुसून ते दोन कॉम्प्युटरही 'आपोआप'वर टाकले.

साहेब कारकुनावर चिडले. तो बिचारा खाली मान घालून उभा. मी म्हटलं, "सर, डबा त्याचा, पण तीन दिवस दुखणं झाकून ठेवलं ते मी. पहिल्याच दिवशी ही एक ओळ बघितली असती, तर ती पोरं बेळगावला गेली नसती."

आमच्याकडे हे अजाणता झालं. पण मुद्दाम कुणी केलं तर? नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने 'डीएनएस चेंजर' चालवणारी एस्टोनियातली टोळी उघडकीला आणली. शंभराहून अधिक देशांतल्या सुमारे ४० लाख कॉम्प्युटरांचं हेच सेटिंग त्यांनी बदललं होतं. माणूस नाव बरोबर टाइप करायचा, पण पोचायचा भलतीकडे. टोळीचे सर्व्हर एकदम बंद केले असते, तर या सगळ्यांचं नेटच थांबलं असतं. म्हणून त्यांच्या जागी ९ जुलै २०१२ पर्यंत तात्पुरते चांगले सर्व्हर चालवावे लागले. बँकेचं नाव लिहून आपण खोट्या बँकेत पोचलो तर काय होईल, याचा विचार करा.

म्हणून मित्रांनो, आपल्या हॉस्टेलात किंवा ऑफिसात 'काहींचं चालतं, काहींचं नाही' असं झालं, तर फॉर्मेटच्या आधी एवढं करा. आकडा चालतो का पाहा, मग नाव चालतं का पाहा. चालणारा आणि न चालणारा कॉम्प्युटर शेजारी ठेवून डीएचसीपी आणि डीएनएसच्या ओळी ताडून बघा. आणि कुणी नवा डबा लावलाय का, ते न रागावता विचारा. रागावलात तर कुणी सांगणार नाही.

त्या कार्यालयात आता मुख्य राउटरवर एक चिठ्ठी चिकटवली आहे: 'पत्ते फक्त हाच देतो.' अक्षर त्याच कारकुनाचं आहे.