शिकलेले वाया जाऊ नये

संगणकाची कार्यप्रणाली केवळ किंमत पाहून निवडली जात नाही. सी-डॅकने भारतीय भाषांना अनुकूल अशी, लिनक्सवर आधारलेली 'बॉस' प्रणाली २००७ साली विनामूल्य उपलब्ध करून दिली. तथापि, चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लिपिकाचा हात विंडोजवर बसलेला असेल, तर फुकटची प्रणालीही त्यास महाग पडते. नव्याने शिकण्यात जाणारे तास आणि त्या काळात रखडणारे काम, हीच तिची खरी किंमत होय. यास्तव प्रणाली बदलली तरी टिकणारे कौशल्य प्रथम शिकविणे हिताचे ठरते. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये प्रमाणित केलेला इनस्क्रिप्ट कळफलक दोन्ही प्रणालींवर सारखाच चालतो. शाळा व ग्रामपंचायतींनी यंत्राबरोबरच प्रशिक्षणाच्या वेळेचीही तरतूद करावी.